गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचे रान

सोमेश्वरनगरचा ऊस उभा आहे तो नीरा डाव्या कालव्याच्या जिवावर. आवर्तन सुटले की निंबुतपासून कोऱ्हाळ्यापर्यंत रात्री-अपरात्री शिवारात बॅटऱ्या हलू लागतात. कोणी चारीवर दारे धरून उभा असतो, कोणी पाळी चुकली म्हणून पाटकऱ्याशी भांडत असतो. १८८५ साली हा कालवा वाहता झाला आणि वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या बारामती-इंदापूरच्या पट्ट्याचे नशीब पालटले. कालव्यातले पाणी मात्र इथे पडत नाही. ते पडते पश्चिमेला, भोर आणि वेल्ह्याच्या (आताच्या राजगड तालुक्याच्या) डोंगरात, जिथे घाटमाथ्यावर पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात जातो. वेळवंडी नदीवरचे १९२८ साली उद्घाटन झालेले भाटघर धरण, नीरेवरचे देवघर, गुंजवणी आणि या सगळ्यांचे पाणी जिथे जमा होते ते वीर, अशी ही साखळी. तिचे वरचे टोक कुठल्याच धरणात नाही, ते रायरेश्वर, राजगड आणि वरंध घाटाच्या उतारांवरच्या रानात आहे.

धरणात किती टीएमसी पाणी आहे हे सोमेश्वरनगरच्या चहाच्या टपरीवर कोणीही सांगेल. धरणाच्या वरचे रान कसे आहे, हे विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच येते : हिरवे आहे. पावसाळी सहलीला गेलेल्यांनी ते डोळ्यांनी पाहिलेले असते. पण हिरवे म्हणजे निरोगी असे जंगलाच्या बाबतीत सरसकट म्हणता येत नाही, आणि हा फरक ओळखायची एक साधी, स्वस्त आणि बरीच दुर्लक्षित रीत आहे. जमिनीवरचे गवत आणि डोक्यावरच्या फांद्या यांच्यामधला जो थर आहे, त्यात स्थानिक झुडपांनी किती जागा व्यापली आहे हे टेप लावून मोजायचे.

देशाच्या जंगलांचा हिशेब भारतीय वन सर्वेक्षण ही डेहराडूनची संस्था ठेवते. संस्था १९८१ची, आणि १९८७पासून साधारण दर दोन वर्षांनी तिचा अहवाल येतो. उपग्रहाच्या चित्रातला एकेक चौकोन जवळपास साडेतेवीस मीटर लांबी-रुंदीचा असतो. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या तुकड्यावर झाडांच्या शेंड्यांची सावली १० टक्क्यांहून जास्त असेल तर ते वनाच्छादन. ७० टक्क्यांच्या वर अतिघन, ४० ते ७० मध्यम घन, १० ते ४० विरळ. जमीन कोणाची, झाड कुठले, याचा या व्याख्येत विचार नाही, त्यामुळे आंब्याची बागही त्यात बसते. १० टक्क्यांखालची वनजमीन खुरट्या जंगलाच्या रकान्यात जाते आणि तिची वनाच्छादनात गणना होत नाही. देशाचा ढोबळ ताळेबंद मांडायला ही पद्धत उपयोगाची आहे. पण उपग्रह बघतो वरून, आणि जंगल बिघडायला लागते ते बहुतेक वेळा खालून.

न्यूझीलंडमध्ये याचा धडा शंभर-दीडशे वर्षांत मिळाला. एकोणिसाव्या शतकात तिथे शिकारीच्या हौसेसाठी युरोपातून हरणे आणून डोंगरात सोडली. त्या बेटांवर पूर्वी पाला खाणारे सस्तन प्राणी नव्हतेच. हरणांनी उंच झाडांना हात लावला नाही, लावता येतही नव्हता. त्यांनी फस्त केली ती चवीची झुडपे आणि झाडांची कोवळी रोपे. दुरून पाहणाऱ्याला डोंगर जसाच्या तसा हिरवागार दिसे, पण आत म्हातारी झाडे उरली होती आणि त्यांच्या जागी यायला खाली कोणी नव्हते. म्हणून तिथल्या वनखात्याने २० मीटर बाय २० मीटरचे कायमचे चौकोन आखले, त्यांच्या कोपऱ्यांवर खुणा ठोकल्या आणि दर काही वर्षांनी त्याच चौकोनात जाऊन खालचा थर मोजला. शेंड्यांनी जे लपवले होते ते झुडपांनी सांगितले.

पाण्याशी या थराचे नाते थेट आहे. उघड्यावर पडणारा पावसाचा थेंब आणि झाडाच्या पानावरून ओघळणारा थेंब यांत पानावरचा बहुतेकदा मोठा असतो, कारण पानाच्या टोकाशी पाणी साठून मग सुटते. झाड आठ-दहा मीटर उंच असेल तर तो मोठा थेंब खाली येईपर्यंत पुन्हा जवळजवळ पूर्ण वेग घेतो. म्हणजे उंच झाडांखाली जमीन उघडी असेल तर पाऊस तिथली माती मोकळ्या माळापेक्षाही जोराने उडवू शकतो. सागाच्या लागवडीत खालचा पाला गोळा केलेला किंवा वणव्यात जळालेला असेल तर पहिल्या मोठ्या पावसात पाणी लालभडक होऊन वाहते ते याचमुळे. मधल्या उंचीवर कारवी, करवंद, पांगळी यांचा थर असला तर थेंब दुसऱ्यांदा अडतो, त्याचा जोर मोडतो आणि पाणी पालापाचोळ्यात झिरपते. झुडपांच्या मुळांनी उतार धरून ठेवलेला असतो हे वेगळेच. भाटघरच्या तळाशी बसणारा गाळ आणि वरच्या उतारावरची कारवी यांचा संबंध असा आहे.

आता मोजायचे कसे? १९४१ साली कॅनफिल्ड नावाच्या अमेरिकी वनशास्त्रज्ञाने चराऊ रानांसाठी एक पद्धत प्रसिद्ध केली आणि ती आजही जवळपास तशीच वापरतात. त्यासाठी लागतो ३० मीटरचा टेप, दोन खुंट्या, वही आणि झाडे ओळखणारा एक माणूस. टेप उतारावर ताणून बांधायचा आणि शून्यापासून चालत निघायचे. टेपच्या वर किंवा खाली ज्या झुडपाचा पसारा येईल तो कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे लिहायचे.

समजा २ मीटर ४० सेंटिमीटरवर करवंदाची जाळी सुरू झाली आणि ३.७० वर संपली : १.३० मीटर. पुढे हेकळ, ८.१० ते ८.९० : ८० सेंटिमीटर. मग १४.२० ते १७.३० घाणेरी, म्हणजे तब्बल ३.१० मीटर. २१.०० ते २२.४० पुन्हा करवंद, १.४०. शेवटी २६.५० ते २७.४० धायटी, ९० सेंटिमीटर. एकूण बेरीज साडेसात मीटर. तीसला साडेसात म्हणजे २५ टक्के झुडूप. ऐकायला बरे वाटते. पण घाणेरी ही परकी. ती वजा केली की उरतात ४ मीटर ४० सेंटिमीटर, म्हणजे १५ टक्क्यांनाही कमी. एकाच टेपवर दोन आकडे निघाले आणि त्यांतला दुसरा जास्त खरा आहे.

ऐकायला सोपे असले तरी या कामात चुका करायच्या जागा बऱ्याच आहेत. टेप पायवाटेला लागून टाकला तर घाणेरी हमखास जास्त भरते, कारण वाटेच्या कडेला ऊन आणि गुरांचा राबता दोन्ही असते. म्हणून रेषांच्या जागा आधी नकाशावर चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या आणि मग तिथे कितीही काटे असले तरी टेप तिथेच टाकायचा. ऋतूही महत्त्वाचा. मे महिन्यात निम्मी झुडपे निष्पर्ण असतात, पावसाळ्याच्या ऐन भरात गवत आणि वेलींनी सगळे एक झालेले असते. पाऊस सरल्यावर, पाने अंगावर असताना, म्हणजे अश्विन-कार्तिकात मोजणी केली तर दरवर्षीचे आकडे एकमेकांशी ताडता येतात. फांद्यांमधली वीतभर फट धरायची की सोडायची, हेही पहिल्याच दिवशी ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहावे लागते. नाहीतर पुढच्या वर्षी दुसरा माणूस येतो, फट वेगळी धरतो आणि रानात काहीही न बदलता आकडा बदलतो.

टेपचा कंटाळा करणाऱ्यांसाठी नजरेने अंदाज घेण्याची पद्धतही आहे. ब्राउन-ब्लांके या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२८ सालच्या आपल्या ग्रंथात रूढ केलेल्या मापात पाच टक्क्यांच्या आत असेल तर १, पंचवीसपर्यंत २, पन्नासपर्यंत ३, पंचाहत्तरपर्यंत ४ आणि त्यापुढे ५ अशी श्रेणी देतात. काम झटपट होते, पण दोन माणसांच्या नजरा क्वचितच जुळतात.

भारतात असे काम मोठ्या प्रमाणावर होते ते बहुतेक लोकांना ठाऊक नसलेल्या निमित्ताने : वाघांच्या मोजणीत. २००६पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेत वनरक्षक आपापल्या बीटात सुमारे दोन किलोमीटरच्या रेषेवर चालतात आणि ठरावीक अंतरावर थांबून आजूबाजूची झाडे, झुडपे, तण, गवत यांची नोंद करतात. २०१०मध्ये कोयना आणि चांदोली मिळून झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातही हे चालते. बातमी वाघांच्या आकड्याची होते, झुडपांच्या नोंदी कागदात राहतात. पण २०१८च्या फेरीत गोळा झालेल्या अशाच नोंदींवरून भारतीय वन्यजीव संस्थेच्या निनाद मुंगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली घाणेरीचा देशव्यापी हिशेब मांडला. दीड लाख चौरस किलोमीटरहून अधिक जंगलात, म्हणजे त्यांच्या अंदाजाने भारताच्या ४४ टक्के वनक्षेत्रात, ती शिरलेली आहे. उपग्रहाच्या हिरव्या रंगात हे दिसले नसते. पायी चालणाऱ्या वनरक्षकांच्या नोंदींमुळे ते दिसले.

घाणेरी, काही भागांत तिला टणटणी म्हणतात, मूळची उष्ण अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचे झाड म्हणून ती कलकत्त्याच्या बागेत आली. गुरांना ती विषारी, त्यामुळे चरून संपत नाही. बुलबुल तिची काळी फळे खातात आणि बिया रानभर टाकतात. तोडली की बुडख्यातून दुप्पट फुटते. घाटात तिच्या जोडीला रानमोडी आहे, तिच्या केसाळ बिया वाऱ्यावर जातात. या दोघींनी व्यापलेल्या उतारावर एकूण झुडूप ७० टक्के भरू शकते आणि त्यात स्थानिक रोपाला उगवायला हातभर जागा नसते. म्हणून एकूण झुडपांचा आकडा एकटा सांगणे दिशाभूल करणारे आहे. स्थानिक आणि परके हे दोन रकाने पहिल्या दिवसापासून वेगळे हवेत.

इथेच अडचणीची आणि खरी रंगतदार गोष्ट सुरू होते. सगळी स्थानिक झुडपे एकच बातमी देत नाहीत. धायटीच्या लाल फुलांनी फाल्गुनात डोंगर सुंदर दिसतो, पण धायटी आणि मुरुडशेंग फार दाट झाली असतील तर तिथे वारंवार तोड झाली आहे किंवा वणवे लागले आहेत असे समजावे. दोघीही जळून-तुटून बुंध्यातून पुन्हा फुटण्यात पटाईत. माळावर तरवड वाढला तर त्याचा अर्थ बहुधा असा की शेळ्या-मेंढ्यांनी बाकी सगळे खाऊन हा न आवडणारा तेवढा शिल्लक ठेवला. उलट गेळा, हेकळ, अमोणी, तोरण, करवंद, नेपती, बोर अशी सात-आठ जातींची मिसळ टेपवर आली आणि प्रत्येकीची लहान-मोठी वये दिसली, तर त्या रानाची घडी बरी आहे. टक्केवारीसोबत जातींची नावे आणि उंची लिहावी लागते ती यासाठी.

कारवीची गोष्ट तर मोजणाऱ्याला सर्वांत जास्त चकवणारी. घाटातल्या उतारांवर पुरुषभर किंवा त्याहून उंच, ओळीत लावल्यासारखी दाट वाढणारी ही कारवी सात वर्षे नुसती वाढते, मग एका पावसाळ्याच्या अखेरीस सगळी एकदम जांभळी फुलते, बिया धरते आणि मरते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. वेगवेगळ्या डोंगरांची वर्षे वेगवेगळी असू शकतात. फुलोऱ्याच्या वर्षी मधमाश्यांची चंगळ होते आणि कारवीचा मध महाबळेश्वरच्या बाजारात मिरवतो. उरलेल्या वाळक्या काठ्या मावळातल्या घरांच्या कुडांना पिढ्यान्‌पिढ्या लागत आल्या, कुडावर शेणमातीचा लेप दिला की भिंत तयार. सुकलेली बोंडे पावसाच्या पहिल्या सरींनी तडतड फुटतात, बिया उडतात आणि आषाढात उतारावर कारवीच्या रोपांचा गालिचा पसरतो.

आता विचार करा, एखाद्या रेषेवर फुलोऱ्याच्या वर्षी झुडूप ८० टक्के भरले आणि दोन वर्षांनी त्याच रेषेवर २० टक्के. कागदावर ही मोठी पडझड. रानात मात्र सगळे ठीक चाललेले असते. उलट कारवी मेल्यावर जमिनीपर्यंत जे ऊन पोहोचते त्या एक-दोन वर्षांत इतकी वर्षे सावलीत दबलेली झाडांची रोपे वर सरकतात. त्याच काळात तिथे वणवा गेला किंवा घाणेरी घुसली तर मात्र नुकसान कायमचे होऊ शकते. म्हणून कारवीच्या डोंगरावर एका वर्षाचा आकडा घेऊन निष्कर्ष काढणे चूक. तिथे निदान एक पूर्ण फेरा, सात-आठ वर्षे, मोजत राहावे लागते. अनुदानाच्या आणि प्रकल्पांच्या तीन वर्षांच्या मुदतीत कारवी बसत नाही, आणि यात दोष कारवीचा नाही.

हे झाले पाण्याच्या उगमाकडचे. सोमेश्वरनगरहून उत्तरेला, कालव्याच्या वरच्या अंगाला गेले की दुसरेच जग लागते. ऊस संपतो, मुरमाड टेकड्या सुरू होतात, मोरगाव आणि सुप्याकडे जमीन पिवळी पडत जाते. पुरंदराच्या डोंगरात उगम पावलेली कऱ्हा याच कोरड्या मुलखातून वाहत बारामती ओलांडून नीरेला मिळते. सुप्याजवळ १९९७ साली जाहीर झालेले मयूरेश्वर अभयारण्य आहे, अवघे ५.१४ चौरस किलोमीटर, आणि त्याचा मानकरी आहे चिंकारा. हिवराच्या शेंगा आणि बोराचा पाला त्याच्या खाण्यात असतो, दुपारी तो त्याच काटेरी सावलीत बसतो. इंदापूर तालुक्यातले कडबनवाडी आणि बारामतीतले शिर्सुफळ इथल्या माळांवर लांडगे आणि खोकड आहेत. तिथे वनविभागाने गवताळ प्रदेशाची सफारीही सुरू केली आहे.

या रानाला सरकारी भाषेत नेहमीच कमीपणाचे स्थान मिळाले. चॅम्पियन आणि सेठ यांच्या १९६८च्या वर्गीकरणात दख्खनचा हा पट्टा काटेरी वनांत मोडतो, म्हणजे निदान वन म्हणून तरी तो ओळखला गेला. उपग्रहाच्या हिशेबात मात्र बराचसा भाग खुरट्या जंगलात जातो, आणि खुरटे म्हटले की त्याचे मोठे जंगल करायला पाहिजे, खड्डे खणायला पाहिजेत, झाडे लावायला पाहिजेत, अशी घाई सुरू होते. पूर्वी इथे घनदाट अरण्य होते, माणसांनी ते तोडले, अशी समजूत त्यामागे असते. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही समजूत एका वेगळ्याच मार्गाने तपासली. त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातले जुने मराठी ग्रंथ, संतचरित्रे, धनगरांच्या आणि दैवतांच्या ओव्या वाचल्या आणि त्यांत आलेली झाडे-झुडपे ओळखून काढली. बहुतेक निघाली ती उघड्या, गवताळ, काटेरी रानातली : हिवर, तरवड आणि त्यांचे सोबती. निदान साडेसातशे वर्षे तरी हा मुलूख असाच आहे, असा त्यांचा निष्कर्ष. ज्या धनगरांचे वाडे दिवाळीनंतर बारामती-फलटणकडून घाट उतरून कोकणात जातात, त्यांच्या तोंडच्या ओव्या अशा प्रकारे वनस्पतिशास्त्राचा पुरावा ठरल्या. हे फार मोलाचे काम आहे.

विदर्भात तर 'झुडपी जंगल' ही महसुली दप्तरातली स्वतंत्र नोंदच आहे. ती जमीन वन की पडीक, हा वाद दशकानुदशके चालला. शेवटी मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८६ हजार हेक्टरांहून जास्त झुडपी जंगल हे वनच आहे असा निर्णय दिला, १२ डिसेंबर १९९६पूर्वी दिलेल्या जमिनींसाठी सवलतीची वाट ठेवून. झुडपाला कायद्याने जंगल म्हटले, ही पुढची पायरी झाली. पण ते जंगल कसे आहे हे ठरवायला न्यायालयाचा कागद पुरणार नाही, तिथे टेपच लागेल.

सुप्याच्या माळावर तो टेप टाकला तर भोरच्या डोंगरापेक्षा वेगळा आकडा यायला हवा, आणि तो कमी असायला हवा. गवताळ रानात झुडपे विखुरलेली असतात. दोन बोरींमध्ये दहा-वीस पावले पवन्या-कुसळीचे गवत असते, त्या मोकळ्या जागेत चिंकारा दूरवर बघू शकतो आणि धाविक पक्षी जमिनीवर अंडी घालतो. इथे झुडूप ६० टक्के झाले तर आनंद मानायचे कारण नाही; बहुधा वेडी बाभूळ माजलेली असते. ही अमेरिकेतून आणलेली बाभूळ गायरानांत आणि ओढ्याकाठी इतकी दाट होते की खाली गवत उगवत नाही आणि मेंढराला आत शिरता येत नाही. तसाच प्रश्न गिरिपुष्पाचा. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले हे झाड लवकर वाढते म्हणून पुण्याच्या वेताळ टेकडीसारख्या टेकड्यांवर वनखात्याने भरपूर लावले. उपग्रहाला ते वनाच्छादन दिसते. त्याच्या दाट सावलीत टेकडीवरची मूळची झुडपे आणि गवते मागे हटतात. आणि लागवडीसाठी यंत्राने सलग चर खणताना वीस-तीस वर्षांच्या हेकळी, नेपती मुळासकट उपटल्या जातात, त्यांची मोजदाद कोणत्याच अहवालात होत नाही. हे थांबायला हवे.

काटेरी झुडपाजवळ घटकाभर बसून पाहिले तर त्याचे काम दिसते. खाटीक पक्षी नाकतोडा पकडून आणतो आणि हेकळीच्या काट्याला टोचून ठेवतो, मग सवडीने खातो. बुलबुल, साळुंक्या फांदीवर बसतात, खाली विष्ठा पडते आणि तिच्यातून कडुनिंबाची, बोराची बी. जाळीच्या काट्यांमुळे शेळीचे तोंड आत पोहोचत नाही. चार-पाच वर्षांनी त्याच जाळीतून कडुनिंबाचा शेंडा वर निघालेला दिसतो. माळावरचे कडुनिंब पाहिले तर त्यातल्या कित्येकांच्या बुडाशी जुनी बोर किंवा करवंद सापडेल. ज्याला झाडे हवी आहेत त्याने आधी झुडूप राखावे, असा या माळाचा स्वतःचा क्रम आहे.

आकडा मिळाला तरी तो कशाशी ताडायचा, हा प्रश्न राहतो. सुदैवाने या भागाकडे जुन्या नोंदी आहेत. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य असलेल्या थिओडोर कुक यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा कोश पुरा केला. त्याहून जवळचा आधार म्हणजे फादर सांतापाव यांचे १९५८चे 'द फ्लोरा ऑफ पुरंदर'. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले हे स्पॅनिश धर्मगुरू पुढे भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे संचालक झाले. १९४४ ते १९५६ या काळात पुरंदरच्या किल्ल्यावर आणि उतारांवर आढळलेली प्रत्येक फुलझाडाची जात त्यांनी नोंदवली. सोमेश्वरनगरपासून तासा-दीड तासाच्या अंतरावरच्या एका डोंगराची सत्तर वर्षांपूर्वीची इतकी नीट यादी महाराष्ट्रात फार थोड्या जागांना लाभली आहे. यादी काय होते ते सांगते. किती होते ते सांगत नाही. त्यासाठी देवरायांकडे जावे लागते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवराया शोधून त्यांचा अभ्यास केला. ज्या राईत देवाच्या भीतीने कुऱ्हाड चालली नाही तिथे करवंद, अंजनी, दिंडा किती जागा घेतात, हे मोजले की शेजारच्या उतारासाठी एक माप हाती येते.

हे काम करणारी माणसे बाहेरून आणायची गरज नाही. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. बऱ्याच गावांत ती वही झाली आहे, तिच्यात जातींची नावेही आहेत. तिला एका पानाची जोड द्यायची : गावच्या डोंगरावरच्या तीन कायम रेषा आणि दर कार्तिकातले त्यांचे आकडे. सोमेश्वरनगरच्या मु. सा. काकडे महाविद्यालयासारख्या ग्रामीण महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना आणि झाडे नावानिशी ओळखणाऱ्या मेंढपाळांना एकत्र आणले तर एका रेषेला तासभर पुरतो. एक रेष भाटघरच्या वरच्या कारवीत, एक पुरंदरच्या उतारावर, एक सुप्याच्या माळावर, अशी सुरुवात करता येईल. पहिल्या वर्षीच्या आकड्यावरून फारसे काही ठरवू नये. रेषेच्या दोन्ही टोकांना लोखंडी खुंट्या ठोकल्या तर त्या भंगारात जातात, म्हणून जमिनीत पक्के रुतलेले मोठे दगड निवडावेत, त्यांना चुना लावावा, मोबाइलवर अक्षांश-रेखांश टिपून वहीत लिहावेत, आणि त्या डोंगरावर रोज गुरे नेणाऱ्या माणसाला ते दगड कशासाठी आहेत हे आधी सांगून ठेवावे.